आई-बाबांना बुर्ज खलिफा दाखवायचा आहे? ठाणे-नवी मुंबईहून दुबईत नव्याने गेलेल्यांसाठी

घोडबंदर रोड, कळवा, ऐरोली, नेरूळ, खारघर. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतलं एखादं मूल दुबईत नोकरीला असतं. दिवाळी झाली की त्या घरात व्हिजिट व्हिसाची बोलणी सुरू होतात, आणि आई-बाबा तिकडे पोचले की पहिल्या सुट्टीचा बेत बहुधा ठरलेला असतो: बुर्ज खलिफा. मी काही वर्षं दुबईत काढून आता नौपाड्यात परतले आहे. ओळखीतली, नुकतीच तिकडे रुळू लागलेली मुलं-मुली मला हे विचारतात, "ताई, आई-बाबांना बुर्जवर न्यायचंय, कसं करू?" त्यांना फोनवर जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. या दिवसाचं गणित आई-बाबांचे पाय आणि सूर्यास्त या दोन गोष्टींवर बसवायचं. तिकीट त्यानंतर. पासष्ट वर्षांच्या माणसाला शेवटचे दोन तास नुसतं बसावंसं वाटत असेल, तर कितव्या मजल्याचं तिकीट काढलं होतं याला फारसा अर्थ उरत नाही.

तयारी ठाण्यातच सुरू होते

दुबईचा हा भाग गाडीने फिरायचा आहे असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात या एका दिवसात भरपूर चालावं लागतं: मेट्रो स्टेशनपासून मॉलपर्यंत, मॉलच्या वरच्या मजल्यापासून तळापर्यंत, रांगेत, आणि मग तळ्याच्या काठाने. म्हणून निघायच्या महिनाभर आधीपासून आई-बाबांना रोज चालायला सांगा. ठाण्यात तलावपाळीच्या किंवा उपवनच्या फेऱ्या, वाशीला सागर विहार, नेरूळला ज्वेल ऑफ नवी मुंबईचा ट्रॅक. सलग पाऊण तास विनाथकवा चालता आलं की दिवस निभतो. आणि नवे बूट घ्यायचेच असतील तर ते इथेच घेऊन, वापरून, पायात बसवून न्या.

बॅग भरताना एक गोष्ट अगदी गंभीरपणे घ्या. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेला पदार्थ आहे. तिथे ती अमली पदार्थांत मोजली जाते आणि थोडीशी सापडली तरी माणूस अडचणीत येतो. दिवाळीनंतर येणारी आई फराळाचे डबे आणणारच. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू खुशाल आणू देत, पण खसखशीवर थापलेले अनारसे नकोत. घरच्या गोड्या मसाल्यात खसखस भाजून घातली असेल तर तोही नको. हे आईला फोनवर स्वतः सांगा आणि दोनदा सांगा, कारण आपल्याकडे खसखस हा संशय घेण्यासारखा पदार्थच नाही. औषधांचंही तसंच. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि मूळ पाकिटात आणाव्यात. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांवर तिथे नियंत्रण आहे. अशी गोळी रोज लागत असेल तर तिथल्या सरकारची परवानगी आधी काढावी लागते.

आईसाठी एक शाल किंवा पातळ स्वेटर हाताशी ठेवा. मेट्रोत आणि मॉलमध्ये एसी फार गार असतो, आणि बाहेरून तापून आलेल्या माणसाला तो जास्तच जाणवतो.

महिना, वार, वेळ

नोव्हेंबर ते मार्च हाच खरा मोसम. जून ते सप्टेंबर पारा चाळिशी ओलांडतो, समुद्राची दमट हवा त्यात भर घालते, आणि धुरकट आकाशामुळे वरूनही फारसं दिसत नाही. एवढे पैसे भरून राखाडी पडदा पाहण्यात काय मजा? हिवाळ्यात पहाटे कधी कधी दाट धुकं पडतं, तेव्हा अगदी सकाळची वेळ टाळावी. हिवाळ्यातल्या एखाद्या पावसानंतर धूळ बसते आणि दूरवरचं स्वच्छ दिसतं. असा दिवस मिळाला तर सोडू नका.

२०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी असते आणि सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारपर्यंतच चालतात. त्यामुळे शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र हा गर्दीचा काळ. नोकरीत नवे असाल तर रजा मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, पण आई-बाबांसाठी मंगळवार-बुधवारची अर्धी रजा टाकता आली तर जरूर टाका. दोन तासांची रांग आणि वीस मिनिटांची रांग एवढा फरक पडू शकतो. एकतीस डिसेंबरला तर वयस्क माणसांना त्या भागात नेऊच नये. रोषणाई आणि आतषबाजी पाहायला लाखो लोक जमतात, रस्ते बंद होतात, परतीची वाट तासन्‌तास सापडत नाही. ती टीव्हीवर छान दिसते.

आता सूर्यास्त. डिसेंबरमध्ये दुबईत सूर्य संध्याकाळी साडेपाचच्या आसपास मावळतो, मार्चच्या मध्यावर साडेसहाच्या सुमारास, जूनअखेर सात वाजून गेल्यावर. उजेडातलं शहर, मावळतीचे रंग आणि मग पेटलेले दिवे, हे तिन्ही एकाच फेरीत पाहायचे असतील तर सूर्यास्ताच्या सुमारे दीड तास आधीची वेळ घ्यावी.

आणखी एक हिशेब नवे लोक विसरतात. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. येऊन चारच दिवस झालेल्या आई-बाबांसाठी तिथले रात्रीचे साडेआठ म्हणजे ठाण्याचे दहा. बाबांच्या पेंगण्याला आणि आईच्या चिडचिडीला बऱ्याचदा हेच कारण असतं. म्हणून आल्या आल्या दुसऱ्या दिवशी बुर्ज ठरवू नका. चार-पाच दिवस जाऊ देत.

तिकीट कोणतं घ्यायचं

पर्यटक बहुधा दोन पातळ्यांपैकी एक निवडतात. १२४ आणि १२५ या मजल्यांचं एक तिकीट, त्यांची उंची ४५२ आणि ४५६ मीटर. दुसरं १४८व्या मजल्याचं, ५५५ मीटरवर, २०१४ मध्ये सुरू झालेलं. दुसरं तिकीट खूपच महाग आहे. त्यात गर्दी कमी, बसायला चांगली जागा आणि खाण्यापिण्याचा थोडा पाहुणचार मिळतो, पण माझ्या मते आपल्यासारख्या कुटुंबाला १२४-१२५ पुरेसं आहे. उरलेल्या पैशांत आई-बाबांना दोन्ही वेळची टॅक्सी करा, ते त्यांच्या जास्त उपयोगी पडेल. रांगेत उभं राहणं खरोखर जमत नसेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर मात्र महाग तिकिटाचा विचार करायला हरकत नाही.

तिकीट अधिकृत संकेतस्थळावर, वेळेच्या स्लॉटसह, आधीच काढा. सूर्यास्ताच्या आसपासच्या तासांना प्राइम म्हणतात आणि त्यांचा दर साध्या तासांपेक्षा बराच जास्त असतो. इथे एक सोपी युक्ती आहे: प्राइम सुरू होण्याआधीचा अगदी शेवटचा साधा स्लॉट घ्या. रांग, तपासणी, लिफ्ट यांत वेळ जातोच, वर सावकाश फिरलात की सूर्यास्त आपोआप पदरात पडतो. प्राइमच्या वेळा मोसमाप्रमाणे सरकतात, म्हणून बुक करताना त्या दिवसाच्या सूर्यास्ताशी ताडून पाहा. अगदी लहान मुलांना तिकीट लागत नाही, वयाची अट बुक करतानाच दिसते. तुमचं एमिरेट्स आयडी आलेलं असेल तर रहिवाशांसाठी काही सवलत चालू आहे का तेही पाहून घ्या.

दिरहमचे रुपये मनात करायचे असतील तर दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७ दिरहम, हे लक्षात ठेवा. पण तिकिटाची रक्कम आईला रुपयांत सांगू नका. ती वर गेल्यावर निम्मा वेळ त्याच विचारात राहील.

स्टेशनपासून दारापर्यंत

मेट्रोची रेड लाइन. बुर्ज खलिफा-दुबई मॉल या नावाचंच स्टेशन आहे. बर दुबईत किंवा करामात राहत असाल तर बुरजुमान जवळ पडतं. देऱ्याकडून येणाऱ्यांना युनियन. ही दोन्ही स्टेशनं रेड आणि ग्रीन लाइनच्या सांध्यावर आहेत. शारजात राहत असाल, आणि भाडं परवडतं म्हणून आपली बरीच नवी मुलं तिथेच राहतात, तर तिथे मेट्रो नाही. संध्याकाळच्या वाहतुकीत सापडू नये म्हणून दुपारीच निघा आणि बसने युनियनला येऊन मेट्रो धरा.

प्रवासाला नोल कार्ड लागतं. प्रत्येकाचं स्वतंत्र. एका कार्डावर तिघे जाता येत नाही. बेलापूर-पेंधर मेट्रोने किंवा मुंबईच्या मेट्रोने फिरलेल्या आई-बाबांना कार्ड लावून आत जाणं आणि बाहेर पडताना पुन्हा लावणं नवं वाटणार नाही. सिल्व्हर कार्ड घेतलं की झालं, गोल्डचा डबा वेगळा आणि भाडं दुप्पट. गाडीला चालक नसतो हे बाबांना आधीच सांगून ठेवा. अगदी पुढच्या काचेतून रूळ दिसतात, पण ती जागा गोल्डवाल्यांची.

दोन नियम पक्के. डब्यात खाणं, पिणं, च्युइंगम चघळणं यांना दंड आहे, पाण्याचा घोटसुद्धा नाही. बाबांची साखर उतरते म्हणून खिशात बिस्किटं असतील तर ती फलाटाच्या बाहेर, गाडीत बसायच्या आधी खाऊन घ्यावीत. आणि स्त्रिया व मुलांसाठी राखीव असलेल्या भागात पुरुषाने पाय ठेवला तर दंड होतो. गर्दीत आई त्या भागात आणि बाबा दुसरीकडे अशी ताटातूट होते, मग उतरताना शोधाशोध. सगळे मिळून साध्या डब्यात चढा.

स्टेशनवर उतरलात म्हणजे पोचलात असं नाही. तिथून मॉलपर्यंत काचेचा, एसी असलेला, जवळजवळ आठशे मीटर लांबीचा पूल आहे. मध्ये मध्ये सरकते पट्टे आहेत, त्यांवर चढता-उतरताना आईचा हात धरा. साडीचा किंवा ओढणीचा काठ सांभाळा. पूल मॉलच्या वरच्या मजल्यावर सोडतो, आणि बुर्जवर जाण्याचं दार मॉलच्या अगदी खालच्या तळमजल्यावर आहे. म्हणजे एवढा मोठा मॉल ओलांडून खाली यायचं. ज्येष्ठांबरोबर स्टेशन ते दार चाळीस मिनिटं धरा. पाट्यांवर "ॲट द टॉप" हे शब्द, म्हणजे बुर्जवरच्या या सज्ज्यांचं नाव, शोधत जा. वाटेत मत्स्यालयाची भली मोठी काच लागते. तिच्यासमोर फुकट उभं राहता येतं, पण हा थांबा येताना करायचा की जाताना, ते आधी ठरवा.

पाय दुखत असतील तर हे सगळं टाळून टॅक्सीने या आणि चालकाला ॲट द टॉपच्या जवळच्या दाराशी सोडायला सांगा. तिथले बहुतेक टॅक्सीवाले हिंदी-उर्दू सहज बोलतात, बाबांना बोलायला माणूस मिळतो. चालणं अगदीच जमत नसेल तर मॉलमध्ये व्हीलचेअरची सोय आहे. ती घ्यायला बाबा नको म्हणतील. तरी घ्या.

वर जाण्याआधी मॉलच्या फूड कोर्टमध्ये पोटभर नाही पण पोटाला आधार होईल इतकं खाऊन घ्या. शाकाहारी मिळतं. बाहेरचं खाणं वर नेऊ देत नाहीत. स्वच्छतागृहही इथेच उरकून घ्या.

रांगेतला वेळ बाबांच्या कामाचा

दाराशी विमानतळासारखी तपासणी होते. पुढे हिरव्या पडद्यासमोर उभं करून फोटो काढतात आणि उतरताना तो विकायला ठेवतात. बराच महाग असतो. नको असेल तर हसून "नो, थँक यू" म्हणून पुढे व्हा, कुणी आग्रह करत नाही.

रांगेच्या वाटेवर इमारतीची प्रतिकृती आणि बांधकामाची माहिती लावलेली आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या किंवा वागळे इस्टेटच्या कारखान्यांत आयुष्य काढलेले बाबा इथे खुलतात, म्हणून चार गोष्टी तुम्हीही माहीत करून घ्या. काम २००४ मध्ये सुरू झालं, उद्घाटन ४ जानेवारी २०१० ला. उंची ८२८ मीटर. बांधकामाच्या काळात नाव बुर्ज दुबई होतं, उद्घाटनाच्या दिवशी अमिरातीचे तेव्हाचे अध्यक्ष शेख खलिफा यांचं नाव दिलं गेलं. वास्तुरचना ॲड्रियन स्मिथ यांची, संरचनेचे अभियंता बिल बेकर, दोघेही तेव्हा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या अमेरिकन संस्थेत.

इमारत उभी कशी राहते? वरून पाहिलं तर तिचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा आहे. मधला गाभा षट्कोनी, आणि तीन बाजूंना तीन पंख. प्रत्येक पंख उरलेल्या दोघांना आणि गाभ्याला टेकू देतो, त्यामुळे एवढी उंच काया पिळवटत नाही. वर जाताना एकेक पंख पायरीपायरीने मागे सरतो. त्यामुळे वेगवेगळ्या उंचीवर इमारतीची रुंदी वेगळी असते, वाऱ्याचे भोवरे एका लयीत जुळत नाहीत आणि डोलणं आटोक्यात राहतं. खाली रेताड, ठिसूळ खडक. त्यात सुमारे ५० मीटर खोल गेलेले १९२ काँक्रीटचे खांब आहेत. उन्हाळ्यात दिवसा काँक्रीट ओतलं तर ते तापून तडकण्याची भीती, म्हणून पाण्यात बर्फ मिसळून रात्री ओतलं जाई. हे सगळं बाबांना सांगितलंत तर रांग कधी सरली ते कळणार नाही.

आणि हेही सांगा की ऐन कामाच्या दिवसांत इथे रोज बारा हजार माणसं राबत होती आणि त्यातली फार मोठी संख्या भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळहून आलेल्या मजुरांची होती. उन्हात, थोड्या मजुरीवर, घरापासून दूर. मजुरीच्या प्रश्नावरून २००६ मध्ये इथे कामगारांचा उद्रेकही झाला. इमारतीचं कौतुक करताना ते हात विसरू नयेत असं मला मनापासून वाटतं.

वर

लिफ्टचा वेग सेकंदाला दहा मीटर, १२४ पर्यंत साधारण एक मिनिट. कानाला दडे बसतात. आवंढा गिळायला किंवा जांभई द्यायला सांगा. दिवे मंद असतात, चित्रफीत चालू असते, आणि वर पोचल्याचं दार उघडल्यावरच कळतं.

१२४ वर उघडा सज्जा आहे, तिथे काचांच्या फटींतून खरी हवा लागते. आधी तिकडे जा, मग १२५ वर. उंचीची भीती असलेल्या आईला एकदम काचेशी नेऊ नका. आधी मधल्या भिंतीशी उभं राहून दूर क्षितिजाकडे पाहू द्या, मग हळूहळू खाली. एका बाजूला शेख झायेद रोड आणि त्यापलीकडे समुद्र, स्वच्छ हवेत त्यातली नकाशासारखी मांडलेली बेटं, दूर शिडाच्या आकाराचा बुर्ज अल अरब. दुसऱ्या बाजूला शहर विरळ होत वाळवंटात विरून जातं. हे शहर किती थोड्या जागेत आणि किती थोड्या वर्षांत उभं राहिलं, ते या वाळवंटाच्या बाजूनेच नीट समजतं. उतरत्या दुपारी बुर्जची स्वतःची सावली पूर्वेकडे लांब पसरत जाते. ती दाखवायला विसरू नका.

इथे उभं असताना आपण इमारतीच्या निम्म्याहून थोडेच वर असतो, डोक्यावर अजून पावणेचारशे मीटर बाकी. आपल्याकडच्या मापाने सांगायचं तर कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर. बुर्ज तिच्या निम्म्याला थोडा मागे टाकतो. लोअर परळचा वर्ल्ड वन २८० मीटर आहे, म्हणजे त्याचं टोकसुद्धा तुमच्या पायांखाली बरंच खाली राहील.

सूर्य मावळताना घड्याळ पाहा. खालच्यांसाठी तो बुडालेला असतो आणि वर अजून दिसत असतो. हा फरक इतका खरा आहे की रमजानमध्ये ८० मजल्यांच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं आणि १५० च्या वरच्यांनी तीन मिनिटं उशिरा रोजा सोडावा, असं दुबईच्या धर्मखात्याने २०११ मध्ये सांगितलं होतं.

फोटो काढताना अनोळखी माणसं, विशेषतः स्त्रिया आणि मुलं, चौकटीत येऊ देऊ नका. खासगीपणाचे तिथले कायदे कडक आहेत. अंधार पडल्यावर काचेत आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं, फोन काचेला टेकवून धरला तर ते जातं. दिवे पेटलेले मनसोक्त पाहून झाले की लगेच लिफ्टकडे वळा, कारण सूर्यास्तानंतर सगळे एकदमच उतरू लागतात.

खालचा अर्धा दिवस

बुर्ज वरून दिसत नाही, तो खालूनच दिसतो. म्हणून उतरल्यावर घरी पळू नका. मॉलमधून तळ्याच्या बाजूला बाहेर पडा. संध्याकाळी साधारण दर अर्ध्या तासाने कारंज्यांचा खेळ होतो, काही मिनिटांचा, संगीतावर, आणि पूर्ण फुकट. मॉलसमोरच्या काठावर गर्दी फार. छोटा पूल ओलांडून सूक अल बहारच्या बाजूला गेलात तर उभं राहायला थोडी मोकळी जागा मिळते आणि बुर्ज पायथ्यापासून टोकापर्यंत एका फोटोत मावतो. फोटो काढणाऱ्याने जरा खाली बसून, फोन आडवा न धरता उभा धरावा. इमारतीच्या अंगावरही रात्री दिव्यांची चित्रं चालतात. आई-बाबांना कठड्याशी बसती जागा पाहून द्या, पहिला खेळ बसल्या जागेवरून पाहू द्या, हवा तर दुसरा उभं राहून. ज्यांना उंचीची खरोखर धास्ती आहे त्यांचं वरचं तिकीट न काढता नुसती ही संध्याकाळ दाखवली तरी चालेल. त्यात काही कमी पडत नाही.

जेवण मॉलमध्ये महाग पडतं आणि रांगाही असतात. परतीच्या वाटेवर बुरजुमानला उतरून करामा किंवा बर दुबईत साधी थाळी, डोसा, पावभाजी मिळते, आणि तिथवर पोचेपर्यंत बाबांची नेहमीची जेवायची वेळ टळलेली असणार, म्हणून मधल्या वेळेसाठी मॉलमधूनच फळं घेऊन ठेवा.

मेट्रो बहुतेक दिवशी मध्यरात्रीपर्यंत असते, शुक्रवारी त्यानंतरही थोडी. शेवटच्या कारंज्यानंतर मात्र पुलावर इतकी गर्दी उसळते की स्टेशनात शिरायला थांबवून ठेवतात. ज्येष्ठ बरोबर असतील तर साडेआठलाच निघा, किंवा मॉलच्या टॅक्सी स्टँडवरून टॅक्सी करा. नोल कार्डांत परतीचे पैसे शिल्लक आहेत का ते येतानाच बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी काही ठरवू नका. दुपारी पाय मोकळे करायचे असतील तर खाडीवर अब्रा, म्हणजे लाकडी होडी, एका दिरहममध्ये पलीकडे देऱ्याला नेते. बसून जायचं असतं, त्यामुळे दुखऱ्या पायांनाही ती चालते.